पोटखराब

परंड्याच्या अलीकडं डांबर संपलं की
जीपचा आवाज बदलतो.
पाहुणे नेमकं तिथंच विचारतात, वाघ आहे का?
नाही साहेब. वाघाला झाडं लागतात.
आमच्याकडं झाड म्हणजे तरवड, फार तर हिवर,
आणि सावली म्हणजे
एखाद्या ढगाची चूक.

मग माळढोक?
आजोबांनी बघितलेला. मी त्याची जागा दाखवतो.
त्या दगडापासून या दगडापर्यंत
तो नाही.
बारा वर्षं झाली, मी, मैनुद्दीन ड्रायव्हर,
पाचशे रुपयांत नसलेला पक्षी दाखवतोय.
अजून कुणी पैसे परत मागितले नाहीत.

सातबाऱ्यावर हा माळ 'पोटखराब' लागलाय.
म्हणजे पेरत नाही, पिकत नाही,
सरकारला काही देत नाही.
शमीम म्हणते, माझा सासरा तसाच होता,
पोट खराब,
पण माणूस चांगला.

उतरा इथं. दार आपटू नका.
ती भलीमोठी नळी ठेवा खाली,
आधी गुडघे टेका.
ह्या लेंड्या काळविटाच्या, रोज एकाच जागी,
उंबऱ्यावर नावाची पाटी लावल्यासारख्या.
ही खोकडाची विष्ठा, बोराच्या बियांची.
ते पळालं न् थांबलं ते धाविक.
थांबलं की ढेकूळ होतं,
मग बोट दाखवून उपयोग नसतो.

सकाळी आठच्या सुमाराला पखुर्ड्या येतात
तलावात उरलेल्या डबक्यावर.
नर छाती बुडवून बसतो,
पिसांत पाणी भरून घेतो
आणि कोसभर उडत जाऊन पिल्लांना पाजतो.
सांडत कसं नाही, नाशिकच्या एका बाईंनी विचारलं.
सांडतं की. निम्मं वाटेतच जातं.
आमच्या टँकरचंही तसंच.

लांडगीण दिवस कलल्यावर.
धुळा पांढरमिसेच्या वाघुरीतून
यंदा तिनं तीन कोकरं नेली.
धुळा शिव्या देतो, तिच्या सात पिढ्यांना देतो,
पण बीळ कुठं आहे ते कुणाला सांगत नाही.
मी विचारलं तर म्हणाला,
"तिला बी चार लेकरं हायेत.
आन् तिला कोण रेशन देतंय?"

परवा मोजणीवाले आले.
इथं सौर पॅनल बसणार आहेत.
तलाठी भाऊसाहेब म्हणाले, इथं हाय काय तसं?
मी वही काढली. बारा वर्षांची, तारीखवार,
पाहुण्यांच्या सह्या, कुणाकुणाचे पत्ते,
एका पोरानं काढलेलं सायाळ.
त्यांनी पानं चाळली, सायाळापाशी जरा थांबले,
म्हणाले, मैनूभाई,
याला आमच्याकडं रकाना नाही.

मग फक्की मारली. पांढरी, सरळ,
बिळाच्या अलीकडं, माळ कापत गेलेली.

दुसऱ्या दिवशी फटफटायला
नाशिकच्या बाईंना घेऊन गेलो.
काय दाखवायचं ते ठरलं नव्हतं.
रेघ होती तिथंच,
मधोमध विस्कटलेली.
आणि पलीकडं, काळ्या खडकावर,
चार बोटं न् एक गादी,
पांढरी.
मग पुन्हा, जरा फिकट.
मग पुन्हा.
बाई कॅमेरा काढायचं विसरल्या.
आम्ही वाकून मोजत गेलो.
सतराव्या पावलाला चुना संपला.

बीळ अजून पुढं होतं.