हमझाची खुर्ची

विदादबाई कमहावी व्याकरण शिकवायच्या.
घराणं नाब्लुसच्या साबणवाल्यांचं,
त्यामुळे खडूच्या बोटांनाही
ऑलिव्हच्या तेलाचा वास.

लष्करानं विद्यापीठाला टाळं ठोकलं त्या हिवाळ्यात
आम्ही सतरा जण त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो.
फ्रिजचं दार हाच फळा.
त्या दिवशी हमझा चालला होता:
एवढंसं चिन्ह, घशातल्या घशात अडलेला आवाज,
अक्षरांच्या रांगेत ज्याला धड जागा नाही.
लिहायचं तर दुसऱ्याची खुर्ची लागते
(व्याकरणात तिला खुर्चीच म्हणतात),
कधी अलिफच्या डोक्यावर, कधी वावच्या पाठीवर,
कधी नुसतंच ओळीवर,
उघड्यावर.

शिपाई आत आले. एवढे कप कशाला?
"वाढदिवस आहे."
कुणाचा?
"हमझाचा," बाई म्हणाल्या,
आणि आम्ही हसू चहाबरोबर गिळलं.

पुढे कुणाचा तरी फोन आला,
वाक्यं सांभाळणारं माणूस हवंय म्हणून.
लिस्बनमध्ये, दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्या.
पाटीवर 'दूतावास' लिहायची सोय नव्हती.
जिनिव्हात मागची रांग. बोलायची मुभा, मत नाही.
तिथे एका स्वल्पविरामासाठी
बाई अडीच दिवस भांडल्या.
समोरचा जांभई देत म्हणाला, एवढ्याशा शेपटीनं काय होतं?
"माझ्या मामांची विहीर
त्या शेपटीच्या अलीकडे आहे."
स्वल्पविराम राहिला.
विहीर गेली.

मी त्यांचा दुय्यम सचिव.
फायली, रक्तदाबाच्या गोळ्या,
प्रत्येक विमानतळावर बाजूला काढलेले तीन तास.
एका रात्री विचारलंच, थकत नाही का तुम्ही?
चष्मा पुसत म्हणाल्या, रईफ,
अहवालाखाली सही बघ तुझी.
स्वतःच्या नावातला हमझा
तुला अजून नीट बसवता येत नाही.

परवा पुलावर त्यांची पेटी थांबवली.
चार तास. ऊन चढलं.
फळ्यांच्या फटीतून साबणाचा वास,
तोच, स्वयंपाकघरातला.
खिडकीतून अर्ज आला. राष्ट्रीयत्वाचा रकाना.
अधिकारी तरुण होता, वाईटही नसावा;
म्हणाला, मोकळा सोडलात तरी चालेल.

मी पेन मागितलं.
टेकायला काही नव्हतं.
पेटीवरच कागद ठेवला
आणि लिहिलं.