टाकणखार

आवर्त सारणीत पायऱ्यांसारखी एक रेघ आहे.
तिच्या अगदी डोक्याशी बोरॉन बसतो, पाचवा,
ना धड धातू, ना धड अधातू.
कंपूच्या शाळेत फळ्यावर हे लिहिलं
की दरवर्षी कुणीतरी विचारतंच,
मॅडम, मग तो नक्की कुणाकडचा?
उंबऱ्यावरचा, मी म्हणते.
पेपरात मात्र 'उपधातू' लिहा.

घरी त्याचं नाव टाकणखार.
लष्करच्या सराफ्यात, जिन्याखालच्या दुकानात
बाबा सहाणेवर खडा उगाळायचे,
कोंबडीच्या पिसानं सांध्याला लावायचे,
वर डाखाचा कण, अर्ध्या तिळाएवढा,
मग फुंकणी.
आधी तो लाहीसारखा फुलायचा
(तीच लाही मधातून, आमचं तोंड आलं की),
मग खाली बसायचा, मग काच व्हायचा,
सोन्यावरची काजळी पोटात घ्यायचा.
"हा नसला तर डाख धावत नाही,
गोळा होऊन बसतो, रुसल्या व्याह्यासारखा."
आणि सांधा जुळला की तेजाबात बुडवून
आधी त्यालाच काढायचं.

तिबेटातल्या तळ्यांवरून, मेंढ्यांच्या पाठीवर
तो यायचा म्हणे, आजोबांच्या वेळी.
माझ्याकडे तो डब्यातून येतो, लेबल लावून.
तारेच्या कडीत त्याचा मणी वितळवते,
कोबाल्टचा कण लागला की निळाशार,
मागच्या बाकावरचा लोकेंद्रसुद्धा उठून उभा राहतो.
रावतभाट्याचा भाचा सांगतो,
अणुभट्टीत बोरॉन न्यूट्रॉन गिळतो, आग आवरतो.
दौलतगंजच्या क्लबात, कॅरमवर
सोंगटी सुळकन जाते तीही त्याच्याच पावडरीवरून.
हे मी बाबांना सांगितलं तेव्हा
ते फक्त हात पुसत होते.

त्या वर्षी जगदाळ्यांचे दोघे भाऊ आले,
आईचा गोफ कागदात गुंडाळून.
"बीच से काट दीजिए," धाकटा म्हणाला.
रागात त्याला मराठी सुचत नसे.
बाबांनी चष्मा काढून ठेवला,
डोळे मिटून गोफावरून अंगठ्याचं नख नेलं,
निम्म्याच्या जरा अलीकडे थांबले.
"इथं. एकाहत्तर साली मीच जोडला होता.
इथं कापलं तर वहिनीसाहेबांचं काही कापलं जायचं नाही."
आम्हा तिघांनाही तिथं काहीच दिसेना.

तीन गुंजांचा फरक पडला.
थोरल्यानं हलका तुकडा उचलला,
धाकट्यानं तराजूकडे पुन्हा एकदा बघितलं.

मजुरी बाबांनी घेतली नाही.
मला वाटलं, कीव आली असेल.
ते गेल्यावर त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं,
चिमट्याच्या टोकाशी राईहून बारीक,
किंचित हिरवट, चमकणारा एक कण.
सांध्याच्या पोटात राहून गेलेला.

रात्री भाकरी मोडता मोडता म्हणाले,
"तीस वर्षं तिच्या गळ्यात
काच ठेवली मी."