घासूल

भिजत घालायची असते आदल्या रात्री.
घाईत भिजवलेली माती गालावर गोळे धरते
आणि मग बायका माझ्या नावाने बोटं मोडतात.
खापराएवढे चार तुकडे, कोमट पाणी,
दोन लवंगा, झाकणभर गुलाबपाणी.
सकाळी बोट बुडवलं की कळतं,
लोणी झालंय, की अजून दगडच आहे मनात.

मिसूरच्या या हम्मामात बावीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या पाठी घासते.
कुणाला कुठे वण, कुणाचं पोट कितीदा वाढलं,
सगळं माझ्या तळव्यांना पाठ.
तोंडाला नाही. तोंडाला कुलूप.

आज तूदा आली. परवा तिचं लग्न,
मिदेल्तच्या ट्रकवाल्याशी.
सोबत दोन मावश्या, जाळीभर संत्री
आणि गरजेपेक्षा मोठ्याने हसणं.
"उजळेल ना गं पोर?"
म्हटलं, माती काही देत नाही, फक्त नेते.
तेल नेते, धूळ नेते, मेलेली कातडी नेते.
खाली उरेल ते तुमचं.

कपाळापासून सुरुवात. मग नाक, गाल,
ओठांभोवती सांभाळून.
"आता बोलायचं नाही. हसायचंही नाही. भेगा पडतील."
मावश्या संत्री सोलायला बाहेरच्या खोलीत गेल्या.
वाफ. नळाची टिपटिप.
माती आधी कडेने सुकते,
तपकिरी जाऊन राखेचा रंग येतो,
आणि चेहरा कुणाचाच राहत नाही.

माझा भाऊ बस्सू रोज संध्याकाळी असाच येतो,
खाणीतून, हाच लेप लावून, फुकटात.
भुवया पांढऱ्या, डोळे तेवढे जिवंत.
पाच वर्षांपूर्वी याच तूदाच्या खिडकीत
तो खोलच्या थरातला तुकडा ठेवून यायचा,
साबणासारखा गुळगुळीत, रुमालात बांधून.
तिच्या बापाने रुमाल परत पाठवला. धुऊन.

ओठ न हलवता तिने विचारलं,
"ही कुठल्या बोगद्यातली?"
"दुकानातली," मी म्हटलं.

डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक ओली रेघ निघाली,
सुकल्या मातीतून वाट काढत
थेट जिवणीपर्यंत.
"वाफ आहे."
तिनेही मान हलवली. वाफच.

सात तांबे पाणी लागलं.
मावश्या म्हणाल्या, बघा, चंद्र उगवला.
चंद्रबिंद्र काही नाही. स्वच्छ झाली होती,
थोडी लाल, थोडी सोलल्यासारखी.

रात्री बस्सूने उंबऱ्यावर जोडे आपटले.
"कोण कोण आलं होतं आज?"
मी सहा नावं सांगितली. आल्या होत्या सात.
तो मानेवर पाणी ओतत राहिला,
बादली संपली तरी तांब्या फिरवत राहिला तळाशी.
मग म्हणाला,
"माती कशी होती? वाळू लागली का कुणाला?"
"नाही," म्हटलं,
"एक कण नाही."