शर्ट तांबडा

कुडचड्याच्या बाजारात, मासळीच्या शेडसमोर माझं दुकान.
शटर वर केलं की आधी स्कॅनरची काच पुसतो,
नाहीतर खाणीची धूळ गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवर
देवीच्या वणांसारखी उमटते,
आणि मग तासभर एकेक ठिपका टिपत बसायचं,
माणसाचा कुठला नि काचेचा कुठला,
कळत नाही.

शेवंती वेळीप आल्या त्या दुपारी.
प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, रेशनकार्डात
गेटपासावरून सोलून काढलेला फोटो, अंगठ्याएवढा,
डाव्या खांद्यावर कंपनीचा जांभळा गोल शिक्का.
"भिंतीर लावपाक जाय. व्हड कर.
आनी तो शिक्को काड."

मोठा केला.
मोठा केल्याने माणूस वाढत नाही, चौकोन वाढतात.
नाकाच्या जागी सहा करडे चौकोन,
डोळ्यांना दोन-दोन.
धार चढवली, तर केसांभोवती पांढरी कड उठली,
देवळातल्या प्रभावळीसारखी.
डंपर चालवणाऱ्या माणसाला ती शोभेना.
उतरवली. धुरकट झाला. पुन्हा चढवली, अर्धी.

शिक्क्यासाठी उजव्या खांद्याचं कापड उचलून
डाव्यावर आणून बसवलं,
तर तीच सुरकुती दोन्हीकडे,
जुळ्या भावांना एकाच ताग्यातून शिवल्यासारखी.
शेवटी निळा, हिरवा झाकून नुसता लाल थर उघडला:
तिथे शिक्का जवळजवळ नव्हताच.
खांदा सगळा तिथे होता, लालात,
इतकी वर्षं.

इथवर ठीक.
पुढे चुकलो.
फोटोवर तांबूस झाक होती. जुन्या फोटोंना येतेच ती,
इलाज सोपा: एक जागा दाखवून संगणकाला सांगायचं,
ही पांढरी, बाकीचं तू ओळख.
मी शर्टावर टिचकी मारली.
गुणो वेळीप क्षणात थंड, स्वच्छ,
बँकेच्या काउंटरमागचा कुणीतरी.
मग गालांवरचे खड्डे, थोडेसे.
मग आणखी थोडे.
स्क्रीन उजळ ठेवलेली, म्हणून अंधारही जरा काढला.
हात थांबत नाही, ही एक बिघाडाची जात आहे,
तिला बटण नाही.

त्यांनी चौकट हातात घेतली, बराच वेळ पाहिली,
मग उलटी करून पुठ्ठा पाहिला,
तिकडे कोणी असल्यासारखा.
"हो कोण?"
मी म्हटलं, बाय, शिक्का काढलाय, रंग उडालेला तो नीट केलाय.
"रंग उडूंक नाशिल्लो. शर्ट तांबडोच आसतालो.
हांवच धुयतालीं."

परतायला वाट नव्हती.
मूळ फाइलवरच सेव्ह करून मी दुकान बंद केलं होतं,
ज्या चुकीसाठी हाताखालच्या जुझेला
आठवड्यातून दोनदा झापतो, तीच.
जुझे प्रिंटरमागे वाकून शाई मोजू लागला,
हसला नाही, हे त्याचे उपकार.
म्हटलं, तो छोटा फोटो पुन्हा द्याल?
रेशनकार्ड उघडलं. बोट लावून म्हणाल्या,
"हांव हांगाच रावतां."

त्या बाकावर बसल्या. पिशवीतले बांगडे वास मारू लागले.
मी गालांना हात लावला नाही.
पांढरं काय ते कुणालाच सांगितलं नाही.
पहिला कागद स्क्रीनपेक्षा काळवंडून आला, फाडला.
दुसरा विटकरी. फाडला.
तिसरा घेऊन त्या दारातल्या उजेडात गेल्या.
खांद्यावर जांभळी पुसटशी कमान राहिली होती,
ती काढली की सुरकुती जात होती,
मी हे सांगायला तोंड उघडलं.
"आसूं," त्या म्हणाल्या.

आधी छोटा फोटो मागून घेतला, रेशनकार्डात घातला,
मग पैसे मोजले. दोन प्रिंट फुकट गेल्याचे
मी धरले नाहीत, त्यांनी विचारलंही नाही.

रात्री शटर ओढण्याआधी फाइल वेगळ्या नावाने ठेवली.
रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता.
लिहिलं: गुणो वेळीप, शर्ट तांबडा.