उप

पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे होतं.
कौन्सिल हॉलच्या मागच्या व्हरांड्यात
तिपाईवर पांढरा ऑइलपेंट, खारीच्या केसांचा ब्रश
आणि बांधकाम खात्याची चिठ्ठी :
मंत्र्याचं अक्षर तीन इंच, उपमंत्र्याचं पावणेदोन.

तीन पक्षांचं सरकार.
महसूल एकाने नेला, गृह दुसऱ्याने,
पाटबंधाऱ्यांपायी सर्किट हाउसवर
रात्रभर किटल्या रिकाम्या झाल्या.
पहाटे उरलंसुरलं उपमंत्र्यांना वाढलं,
पातेल्याला लागलेला भात खरवडून वाढतात तसं.

सिदराम बोराट्यांच्या वाट्याला आले
मत्स्यव्यवसाय, लेखनसामग्री, कोंडवाडे
आणि वजने.
(मापे तिसऱ्या पक्षाकडे गेली.
शेर वजनात धरायचा की मापात,
त्याची फाईल वर पाठवलीय, असं कारकून म्हणाला.)
बोराट्यांच्या गावात चैतापासून
बादली विहिरीच्या तळाला खणकन वाजायची.
त्यांना मासे.

संध्याकाळी एकटेच आले. चष्मा लावून पाटी वाचली.
‘रंगारी, तो उप जरा मंत्रीला चिकटवून काढा,
लांबून एकच शब्द वाटला पाहिजे.’
म्हटलं, साहेब, तो एकच शब्द आहे.
‘असं होय,’ म्हणाले, आणि हसले.

पंधरवड्यात कोंडवाडे गेले. टर्पेंटाइनने पुसले.
मग लेखनसामग्री. मग ती परत आली,
छपाईशिवाय.
त्याआधी त्यांनी भवानी पेठेतली
एका गवळणीची अडकलेली म्हैस सोडवली होती.
हुकमाखाली सही : स्वतःचं नाव, वडिलांचं, गाव, तालुका.

दहाव्या महिन्यात दुसऱ्या पक्षाने हात काढून घेतला.
मला निरोप : पाट्या घासून ठेवा, सागवान आहे.

मी पॉलिशपेपर घेऊन बसलो होतो,
तर बोराटे आले. पाटी विकत मागितली.
ती नोंदवहीत होती, सरकारी.
‘मग घासल्यावर काहीच राहत नाही?’
म्हटलं, तेल लाकडात मुरतं, साहेब.
ऊन तिरकं पडलं की खालचं अक्षर दिसतं.

त्यांनी वर पाहिलं. बारा वाजले होते.
स्वारगेटहून त्यांची मोटार पाचची.
पायरीवर रुमाल अंथरून बसले.

मी नवी पाटी घेतली.
या साहेबांचं नाव लांबलचक,
पावणेदोन इंचात काही केल्या मावेना.