शीड आणि शिसं

दुधाचे खोके धुऊन ठेवायचे, फेकायचे नाहीत,
असं एदुविना बाईंनी बजावल्यापासून
शाळेचं हे माझं स्वयंपाकघर म्हणजे जहाजगोदी झालंय.
वाइनच्या बाटल्यांची बुचं गावभरातून येतात
(कुणाच्या घरून किती, ते मी बोलत नाही).
मांस भाजायच्या काड्या डोलकाठ्या झाल्या,
बटाट्याच्या पोत्याची सुतळी दोर झाली,
माझा रेनकोट, काखेत फाटलेला,
त्याची अकरा शिडं निघाली.

"बुडणार नाही ना?" असं विचारलेलं बाईंना चालत नाही.
म्हणतात, बुडवून बघ.

चिलोएच्या या काठावर
भरती आमच्या जिन्याची तिसरी पायरी चाटते,
ओहोटीला होड्या चिखलात कुशीवर निजतात.
मधल्या अर्ध्या तासात, पाणी जरा थांबलेलं असताना,
पोरं बूट काढून तयार.

नायाडेटची होडी गोल गोल फिरली.
तिनं सुकाणू दुसरीकडे वाकवलं,
होडी उलटी गोल गोल फिरली.

रोसामेलची मात्र आडवी.
देखणी होडी. मजल्यावर मजला, वर काड्यापेटीची खोली,
खोलीत बटणाचा माणूस.
तीनदा सोडली, तीनदा आडवी.

"का?" बाईंनी सगळ्यांना विचारलं, नेहमीसारखं.
कुणी म्हणालं वारा, कुणी म्हणालं शीड मोठं.
रोसामेल गुडघाभर पाण्यात.
"ओझं वर आहे," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, होडीकडे न बघता,
"बाबांच्या लाँचवरही. पोती डेकवर रचली होती."

मार्चपासून अख्खं गाव म्हणत आलंय,
समुद्राची मर्जी.
मीही म्हटलं होतं, त्याच्या आईचा हात धरून.

बाईंनी एप्रनच्या खिशातून गळाचं शिसं काढलं,
त्याच्या तळहातावर ठेवलं.
"कुठे बांधशील?"

माझ्या मोडक्या चमच्याचा दांडा
त्यानं होडीच्या पोटाखाली उभा खोचला,
टोकाला शिसं.
काड्यापेटी उपटून काढली.
बटणाचा माणूस खाली नेला, अगदी तळाशी.

वारा आला.
होडी कलली,
माझ्या हातातलं फडकं आपोआप पिळलं गेलं,
आणखी कलली,
आणि उठली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
नायाडेटला तेवढी शिंक आली.

परतताना ओल्या पायांनी तो स्वयंपाकघराच्या दारात थांबला.
"आणखी चमचे मोडलेत का?"

म्हटलं, मोडतील.