सर्दी झालेला आवाज

चियातुरात वीज सातला येते, आली तर.
तोवर मी शेगडी पेटवते, अक्रोड फोडते,
आणि नोदारच्या नातवाने दिलेला पेनड्राइव्ह
टीव्हीच्या पाठीत खुपसून बसते.

सोळा भाग. कोरियन. वर रशियन आवाज.
आवाज म्हणजे एकच माणूस.
सासू तोच, सून तोच,
कारखानदाराचा वाया गेलेला मुलगा तोच,
बाजारात सहा वर्षांची पोर हरवते
तेव्हा "आई" म्हणून हाक मारतो तोही तोच,
पन्नाशीचा, सर्दी झालेला,
बहुतेक पगार थकलेला.
बाई हुंदके देत असते आणि हा वाचतो,
वाण्याची यादी वाचावी तसा:
तुझ्याशिवाय. मी. जगू. शकत नाही.

पहिला आठवडा मी नुसती हसले.
मग कधीतरी कान त्याच्या खाली शिरायला शिकले.
त्याने तोंड उघडण्याआधी अर्धा क्षण
खरी बाई बोलून गेलेली असते.
हल्ली मी त्या अर्ध्या क्षणात राहते.

सव्वीस वर्षं रोपवेच्या खटक्यापाशी बसले आहे मी.
खाणीकडे माणसं वर, खाणीकडून माणसं खाली.
दोर कसा कुरकुरतो त्यावरून सांगायचे
पाळण्यात किती जण आहेत,
आणि पगार झालाय की नाही.

चिनीही पाहिली एक, चौसष्ट भागांची.
लांब बाह्यांची माणसं, ढगांत घरं,
तीन-तीन हजार वर्षं एकमेकांची वाट बघतात
आणि केस मेले तेवढेच काळे.
चाळिसाव्या भागात ती त्याला ओळखत नाही,
पेला भरून देते, निघून जाते.
मी ओरडले, अगं वर बघ की, एकदा तरी बघ!
मग उठून शेगडीतलं लाकूड ढकललं,
उगाच, ते जळतच होतं.

दरीपलीकडे, चौथ्या मजल्यावर, लामाराचा दिवा.
धाकटी माझी.
आईच्या शिवणयंत्रावरून अकरा वर्षं.
यंत्र माझ्याकडे आहे.
त्यावरच टीव्ही ठेवलाय.

जुने पाळणे बंद पडले तेव्हा बरं वाटलं,
आता जायचं तरी कसं, असं म्हणता आलं.
मग नवे आले, काचेचे,
आणि मला गुडघे दुखायला लागले.

काल नववा भाग.
बाप एसटी स्टँडसारख्या कुठल्याशा जागेवरून
मुलीला फोन करतो. किती वर्षांनी.
बोलत नाही. नाणी संपत येतात.
मग काहीतरी पुटपुटतो,
आणि सर्दीवाला वाचतो: कशी आहेस.

मी थांबवलं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं.
पाब मगस्सो.
पाब मला ठाऊक आहे. दर भागात वाटीत असतो, वाफाळता.
पाब म्हणजे भात.
त्याने कशी आहेस विचारलंच नव्हतं.
जेवलीस का, एवढंच.
सर्दीवाल्याने भात गिळून टाकला होता.

रात्री साडेनऊला मी लामाराचा नंबर फिरवला.
तिने उचलला. बोलली नाही.
मीही नाही. माझ्याकडे नाणी संपण्याचीही सोय नव्हती.
शेवटी त्याच्याच आवाजात म्हणाले,
सपाट, यादी वाचल्यासारखं:
जेवलीस. का.

(आणि कळलं, तो असा का वाचतो.
नाहीतर वाचून झालंच नसतं.)

पलीकडे भांड्याचा आवाज.
"वीज नव्हती," ती म्हणाली, "राजमा आत्ता गरम करतेय."
मग बऱ्याच वेळाने,
"त्याचा पट्टा बदललास का? तुटायला आला होता."

पडद्यावर बाप अजून तसाच,
फोन कानाला, तोंड अर्धं उघडं.
त्याला हाताने खूण केली,
जरा थांब बाबा.
खिडकीशी गेले, वायर पुरेल तिथपर्यंत.